खुडूक मोडायचा हुकूम

तांबडी खुडूक बसली आन दौलूच्या पाठीवर चाबूक आला!

तांबडी म्हंजे दौलूची कोंबडी. टेकडगडच्या तोलाजीराजाला रोज सकाळी तिचंच अंडं लागायचं. मोठं, टोकाला तपकिरी ठिपके. दुसऱ्या कोंबडीचं आणलं की राजा ताट भिरकावून द्यायचा. राज्यात रस्ता हाय का न्हाई ते त्याला म्हाईत नसायचं, पर ठिपके बरोबर मोजायचा!

त्या दिवशी अंडं आलंच न्हाई. राजानं दौलूला दरबारात उभा केला.

"अंडं कुठाय?"

"म्हाराज, तांबडी खुडूक बसलीय."

"म्हंजे? आजारी हाय?"

"न्हाई जी, धडधाकट हाय. पिल्लं काढायला अंड्यांवर बसलीय. एकवीस दिस हलायची न्हाई, आन पिल्लं हिंडाया लागंपतूर नवं अंडं द्यायची न्हाई."

राजा लालबुंद झाला. "बसून ऱ्हाती आन देत काय न्हाई? माझ्या राज्यात असलं कोण नको! कारभारी, उपाय सांगा!"

कारभारी रंगराव शेजारच्या गादीवर लोडाला टेकून पसरला होता. पान चघळत म्हणाला, "सोपं आहे महाराज. खुडूक मोडायची! गार पाण्यात बुचकळायची, नाकात पीस घालायचं. की लागली अंडी द्यायला!"

"अवो, तसं मोडली तरी आठ-पंधरा दिस जात्यात," दौलू म्हणाला. "आन खालची अंडी गार पडून वाया जातील ती येगळीच."

"ते मला सांगू नको!" राजा ओरडला. "उद्या सकाळी तांबडीचं ठिपक्याचं अंडं पायजे. न्हाई आलं, तर पन्नास फटके, आन तुझं सगळं खुराडं माझ्या मुदपाकात!"

दौलू घरी आला तो मान खाली घालूनच. त्याची लेक हौसा डालग्यापाशी बसली होती. सगळं ऐकून तिचं टाळकं सणकलं.

"बा, अंडं कोंबडीच्या पोटातनं येतं का कारभाऱ्याच्या तोंडातनं? त्याला कुणी इचारलं व्हतं?"

"त्यो आपल्यावर खार खाऊन हाय गं. शेताकडच्या वाटेचा, पाणंदीचा अर्ज दिला तवापास्नं."

"चार वर्सं झाली की त्याला! काय झालं त्या अर्जाचं?"

"काय व्हतंय? माझ्या डोळ्यांदेखत गादीखाली सारला आन वर बसला. सगळ्यांचेच सारतोय त्यो."

"गादीखाली?" हौसा थांबली. डालगं जरा उचलून तिनं तांबडीकडं बघितलं. तांबडी फुगली, कुर्र करून हातावर टोचली. हौसा खुदकन हसली. "बा, बादली कुठाय आपली?"

सकाळी ती दौलूसंगं दरबारात आली. एका हातात आडाच्या गार पाण्याची बादली, दुसऱ्या हातात दोन पिसं.

"अंडं कुठाय?" राजानं इचारलं.

"खुडूक मोडायला आलेय, म्हाराज. पर आदी एक सांगा. तुमचा हुकूम निस्त्या कोंबडीला, का राज्यात जे जे खुडूक आसंल त्या समद्यांला?"

"समद्यांला! तोलाजीचा कायदा एकच!"

"बघा हं! माघारी फिरायचं न्हाई."

"अगं, राजाचा शब्द हाय!"

"मग खुडूक कशी वळखायची ते सांगते. एका जागी बसती. देत काय न्हाई. कुणी जवळ गेलं की फुगती, आन हात लावला की टोचती. बरोबर का, कारभारी?"

"बरोबर, बरोबर!" रंगराव मान डोलावत म्हणाला.

हौसा बादली घेऊन सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "मग उठा बघू जरा."

रंगराव फुगला. "ए भवाने! कुणाशी बोलतेस? चल हो मागं!"

"बघा म्हाराज, फुगला!"

तिनं गादीचं टोक धरलं. रंगरावनं फाडकन तिच्या हातावर चापट मारली.

"टोचलाबी!"

सगळा दरबार तोंडावर हात धरून हसाया लागला. राजा जागेवरनं अर्धा उठला. "रंगराव, उठा! खाली काय हाय ते बघू."

रंगराव उठला, पर लई जड गेलं त्याला. हौसानं गादी उलटली. खाली अर्जांची ही थप्पी! पाणंदीचा अर्ज, फुटक्या बंधाऱ्याचा, पडक्या पाराचा. दाबून दाबून भाकरीवानी चपटे झालेले.

"माझी तांबडी एकवीस दिसांत पिल्लं काढती, म्हाराज," हौसा म्हणाली. "ह्यो चार वर्सं झाली उबवतोय. एक तरी फुटलं का इचारा!"

राजा खदाखदा हसला, पोट धरून हसला. "काय बघताय? मोडा की खुडूक! शब्द दिलाय मी!"

हौसानं बादली रंगरावच्या डोक्यावर पालथी केली आन पीस त्याच्या नाकाला लावलं. एवढा शिंकला गडी, की तोंडातलं पान पार दारापतूर उडालं!

"आता एकवीस दिस," राजा डोळे पुशीत म्हणाला. "अर्ज फुटले पायजेत, न्हाईतर रोज बादली! तांबडीला कुणी हात लावायचा न्हाई. दौलूचे फटके माफ, आन त्याच्या खुराड्याला सालभर दाणे माझ्या कोठारातनं!"

मग त्याचं ध्यान हौसाच्या हाताकडं गेलं. "पोरी, पिसं दोन व्हती. दुसरं कुणाचं?"

"अंड्याचे ठिपके मोजत जो रोज गादीवर बसतोय, त्याचं," हौसा म्हणाली. "पर माझा हात तिथवर पोचत न्हाई, म्हाराज."

दौलूनं डोळेच मिटून घेतले.

राजानं आपल्या गादीकडं बघितलं, बादलीकडं बघितलं. बादली रिकामी होती म्हणून बरं! मग पहिल्यापेक्षा मोठ्यानं हसला आन हात पुढं केला.

"आण ते इकडं! नाकात नको, पगडीत घालतो. आन त्या पाणंदीचा अर्ज दे. चल, दाव मला पाणंद कुठाय ती!"