खापरपणजोबांची सही

इंग्लंडात लेस्टरला कुंदाताई मोहरीर एक घर विकत घेत होत्या. घर सर पर्सिव्हल यांचं, वाडवडिलांपासूनचं. तीन खोल्यांचं, पण साहेबांचा तोरा राजवाड्याचा. सह्या व्हायच्या त्या सकाळी साहेब म्हणाले, "वरच्या उन्हाच्या खोलीत आमच्या खापरपणजोबांचं भूत राहतं. ती खोली त्यांचीच राहील. नाहीतर घर दुसऱ्याला देतो!"

तिथे करार पक्का होईपर्यंत कोणीही शब्द फिरवू शकतो. कुंदाताईंचा वकील गारच पडला.

कुंदाताईंनी मात्र छताकडे बघून नमस्कार केला. "वय काय त्यांचं?"

"दोनशे चार!" साहेबांनी छाती फुगवली.

"म्हणजे सज्ञान आहेत. मग इथल्या नियमाप्रमाणे, घरात राहणारे म्हणून, 'किल्ली द्यायच्या दिवशी मुक्काम हलवीन' अशा कागदावर त्यांचीही सही लागेल. आणि घर मुळात त्यांचंच ना? ते अजून इथेच असताना तुम्ही कोण विकणारे? बोलवा त्यांना खाली."

वकिलाने लगेच पेन पुढे केलं. साहेबांनी टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "ते... कालच वारले."

कुंदाताईंनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, आणि बसून सही केली.