इवलीचा अंतरपाट बोरीच्या काट्याला

एक होतं शेत. शेतात होती ज्वारीची धसकटं. एका धसकटाखाली होतं बीळ. बिळात राहायची चिचूबाई चिचुंद्री.

चिचुंद्री म्हटलं की माणसं नाक दाबतात. दाबू देत. चिचूबाईचं घर आरशासारखं लख्ख होतं, आणि तिची लेक इवली शेवंतीच्या कळीसारखी होती.

इवलीचं लग्न ठरलं. सकाळी ठरलं आणि आजच लागायचं. अशी घाई का? तर उद्या शेतात नांगर येणार. बिळं मोडणार. अंधार पडला की सगळे दूर दूर पांगणार. मग नवरा कुठं आणि नवरी कुठं. म्हणून सूर्य बुडायच्या आत लग्न.

मग काय, चिचूबाई एकटी आणि कामं ढीगभर. मांडव घातला, झप झप. हळद दळली, घर्र घर्र. लाडू वळले, गर गर. तांदळाला कुंकू लावलं, अक्षता केल्या. कुंकू संपलं. तिचं स्वतःचं जेवण तेवढं राहिलं. नवरीच्या आईने लग्न लागल्यावर जेवायचं, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांची पोटं भरलेली असतात.

बोलावणी करायला वेळच उरला नाही. वरून कावळा चालला होता. चिचूबाईने मान वर केली आणि म्हणाली, सगळ्यांना सांग रे बाबा. कावळा शेतावरून ओरडत गेला.

"काव काव. इवलीचं लग्न. या, या. काव काव."

झालं. चिचूबाईला वाटलं, बोलावणी पोचली.

मग तिने अंतरपाट काढला. अंतरपाट म्हणजे पांढरं फडकं, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. इकडे नवरा, तिकडे नवरी, मध्ये अंतरपाट. तो बाजूला झाला की लग्न लागलं. चिचूबाईने अंतरपाट झटकला. फट फट. तेवढ्यात वारा आला. सूं सूं. अंतरपाट उडाला. भिर भिर भिर. गेला बांधावरच्या बोरीवर आणि अडकला काट्याला.

नवऱ्याची आई मांडवात बसली होती. ती म्हणाली, "अंतरपाटाशिवाय आमच्यात नाही हो चालत. सूर्य बुडाला की आम्ही निघालो."

दुसरं फडकं नव्हतं. कुंकूही नव्हतं. चिचूबाई निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बोरजाऊ, बोरजाऊ, फांदी हलवा. अंतरपाट पाडा."

बोर म्हणाली, "का म्हणून? मला कुठं बोलावणं आलं?"

चिचूबाई म्हणाली, कावळ्याने सांगितलं ना.

"ओरडून सांगतात ती दवंडी. बोलावणं दारात येऊन करतात. हातावर अक्षत ठेवतात."

बोरीचं खरं होतं. चिचूबाईने कान पकडले. घरी गेली, तुरु तुरु. अक्षतांची पुडी घेतली. परत आली, तुरु तुरु.

"बोरजाऊ, बोरजाऊ, अक्षत घ्या. लग्नाला या."

"घेईन. पण माझ्या आधी शेळीवन्सं. त्या मोठ्या. त्यांना सोडून मी कशी घेऊ?"

सूर्य डोक्यावर आला. चिचूबाईचे पाय दुखले. पण करते काय? लेकीचं लग्न. निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

शेळी बांधावर चरत होती. चिचूबाईला बघितलं आणि पाठ फिरवली. मुद्दामच.

"शेळीवन्सं, शेळीवन्सं, अक्षत घ्या. लग्नाला या."

"बें. आत्ता आठवण झाली होय? आधी कुणी घेतली?"

"कुणीच नाही हो.
बोर हलेना,
अंतरपाट पडेना,
इवलीचं लग्न लागेना."

"घेईन. पण माझ्या आधी बेडूकभावजी. ते मोठे. त्यांना सोडून मी कशी घेऊ?"

आणि शेळी काही वळेना.

सूर्य जरा कलला. चिचूबाईची कंबर दुखली. पण करते काय? लेकीचं लग्न. निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

बेडूक तळ्याकाठी दगडावर बसला होता. रागाने फुगला होता. टम्म.

"बेडूकभावजी, बेडूकभावजी, अक्षत घ्या. लग्नाला या."

"डराव. कावळ्याकडून निरोप पाठवता? कावळा आम्हाला खातो, वहिनी. आधी कुणी घेतली?"

"कुणीच नाही हो.
शेळी वळेना,
बोर हलेना,
अंतरपाट पडेना,
इवलीचं लग्न लागेना."

"घेईन. पण माझ्या आधी म्हैससासूबाई. त्या मोठ्या. त्यांना सोडून मी कसा घेऊ?"

आणि बेडूक काही हसेना.

सूर्य आणखी कलला. चिचूबाईचं पोट कुरकुरलं. गुर्र गुर्र. पण करते काय? लेकीचं लग्न. निघाली. तुरु... तुरु... तुरु...

म्हैस तळ्यात बसली होती. रवंथ करत होती. चघळ चघळ.

"म्हैससासूबाई, म्हैससासूबाई, अक्षत घ्या. लग्नाला या."

"ओंऽऽ. सून म्हणवतेस आणि कावळा पाठवतेस? आधी कुणी घेतली?"

"कुणीच नाही हो.
बेडूक हसेना,
शेळी वळेना,
बोर हलेना,
अंतरपाट पडेना,
इवलीचं लग्न लागेना."

"घेईन. पण माझ्या आधी घुबडमामंजी. ते मोठे. त्यांना सोडून मी कशी घेऊ?"

आणि म्हैस काही उठेना.

सावल्या लांब झाल्या. चिचूबाईचे डोळे जड झाले. पण करते काय? लेकीचं लग्न. निघाली. तुरु... तुरु... थांबली. पुन्हा तुरु... तुरु...

तळ्याच्या पलीकडे उंबर होता. उंबराच्या ढोलीत घुबड झोपलं होतं. चिचूबाई खाली उभी राहिली.

"घुबडमामंजी, घुबडमामंजी, अक्षत घ्या. लग्नाला या."

"घू घू. दिवसाउजेडी उठवतेस होय गं? आधी कुणी घेतली?"

"कुणीच नाही हो.
म्हैस उठेना,
बेडूक हसेना,
शेळी वळेना,
बोर हलेना,
अंतरपाट पडेना,
इवलीचं लग्न लागेना."

"घेईन. पण माझ्या आधी कासवीणआजी. त्या सगळ्यांत मोठ्या. त्यांना सोडून मी कसा घेऊ?"

घुबडाने डोळे मिटले. आणि घुबड काही जागेना.

सूर्य लाल झाला. डोंगराकडे निघाला. चिचूबाईचे पाय उचलेनात. पण करते काय? लेकीचं लग्न. निघाली. तुरु नाही आणि फुरु नाही. रखड... रखड... रखड...

कासवीणआजी उंबराच्या मुळाशीच होती. पाठ हिरवी, मान सुरकुतलेली, डोळे लुकलुक.

"कासवीणआजी, कासवीणआजी, अक्षत घ्या. लग्नाला या."

कासवीण हळूच म्हणाली, "आधी कुणी घेतली?"

"कुणीच नाही हो.
घुबड... घुबड उठेना,
म्हैस हसेना,
बेडूक... बेडूक पडेना,
शेळी हलेना,
बोर... बोर जागेना,
इवलीचं... इवलीचं..."

पुढचं आठवेचना. सकाळपासून ज्याच्यासाठी पळत होती, तेच आठवेना. चिचूबाईने पुडी तेवढी पुढे केली.

कासवीण हसली नाही. चुकलं, असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "घेईन. पण माझ्या आधी एक जण आहे."

आणखी एक. चिचूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते पुसलं. शेपटी सावरली.

"कोण ते सांगा, आजी. जाते मी."

"कुठं जाऊ नकोस. बस."

'बस' असं सकाळपासून कुणी म्हणालंच नव्हतं. चिचूबाई बसली. मटकन.

कासवीणआजीने पुडी उघडली. दोन दाणे उचलले. चिचूबाईचा हात पुढे घेतला आणि त्यावर ठेवले. मग नीट, सावकाश म्हणाली, "चिचूबाई, इवलीचं लग्न आहे. तुम्ही यायचं. नक्की यायचं."

चिचूबाई हाताकडे बघत राहिली.

"मला?"

"तुला. साऱ्या शेताला बोलावत फिरलीस. नवरीच्या आईला कुणी बोलावलं? सगळ्यांत आधी तिला बोलवायला हवं होतं. उपाशी आहेस ना?"

चिचूबाई म्हणाली की लग्न लागल्याशिवाय जेवायचं नसतं. कासवीण म्हणाली, "कुणी सांगितलं? त्यांना माझ्याकडे पाठव."

मग चिचूबाई तळ्याचं पाणी प्याली. गुट गुट गुट. उंबराखाली पिकलं उंबर पडलं होतं. ते खाल्लं. कुरुम कुरुम. डोळ्यांपुढचा अंधार गेला. ती उठली, पदर सारखा करावा तशा मिशा सारख्या केल्या आणि म्हणाली, "येते हो मी लग्नाला."

"आता आण माझी अक्षत," म्हणाली कासवीणआजी.

कासवीणआजीने अक्षत घेतली.
मग घुबड जागलं. घू घू.
घुबड जागलं, म्हैस उठली. ओंऽऽ.
म्हैस उठली, बेडूक हसला. डराव डराव.

सूर्य डोंगराला टेकला. आता चालत कोण पोचणार? म्हैस पाण्यात गुडघे टेकून वाकली. पाठीवर चढली चिचूबाई. चढली कासवीणआजी, सावकाश. बेडकाने उडी मारली, टुणुक. घुबड वरून उडत निघालं, फड फड. निघाली म्हैस. धबक धबक, धबक धबक.

बेडूक हसत आला, शेळी वळली. बें.
शेळी वळली, बोर हलली. सळ सळ सळ.
बोर हलली, बोरं पडली. टप टप टप.
बोरांमागून पडला अंतरपाट. तरंगत तरंगत, चिचूबाईच्या डोक्यावर.

मांडवात नवऱ्याची आई गाठोडं बांधून उभी होती. म्हैस येताना दिसली आणि ती खाली बसली.

अंतरपाटाचं एक टोक धरलं घुबडमामंजींनी. दुसरं धरलं बेडूकभावजींनी. इकडे नवरा, तिकडे इवली. शेळीवन्संनी मंगलाष्टक म्हटलं. सुरात नव्हतं. पण मोठ्याने होतं. शुभ मंगल सावधान. अंतरपाट बाजूला झाला. अक्षता पडल्या, भुर भुर भुर. इवलीचं लग्न लागलं.

मग सूर्य बुडाला. बुडू दे. आता त्याचं काय काम?

पंगत बसली. नवऱ्याची आई म्हणाली, "विहीणबाई, उठा. लाडू वाढायचे ना?"

चिचूबाई उठू लागली. कासवीणआजीने तिचा हात धरला आणि नवऱ्याच्या आईला म्हणाली, "त्यांना आज बोलावणं आहे. पाहुण्या आहेत त्या. लाडू तुम्ही वाढा."

नवऱ्याच्या आईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हैस तिच्याकडेच बघत होती. मग ती उठली. लाडवांचं ताट घेतलं. पहिला लाडू चिचूबाईच्या पानात.

चिचूबाईने अर्धा लाडू खाल्ला. उरलेला हातातच राहिला. कासवीणआजीच्या पाठीला टेकून ती झोपली. फुर्र... फुर्र... इवली आली, आईशेजारी बसली आणि कुणालाही मोठ्याने बोलू दिलं नाही.

लग्न लागलं मांडवात, गोष्ट निजली डोळ्यांत.