बेडकुलीचं घमेलं आणि मोटरवाली सायकल

एक होती बेडकुली. नखाएवढी. ती राहायची शिदूमामाच्या सायकलदुकानात, पंक्चर काढायच्या घमेल्यात. मामा पाण्यात ट्यूब बुडवायचा. बुडबुडे यायचे, बुडुक बुडुक. बेडकुली त्यांच्याशी खेळायची.

एक दिवस मामानं गोठ्यामागून जुनी, टाकून दिलेली सायकल ओढून आणली. तिला मोटर बसवायची होती. भाची बनीला चढावरच्या बालवाडीत न्यायचं होतं ना! मामा घाईत होता. त्यानं घमेलं उचललं, आत न बघताच पालथं घातलं आणि वर सायकल ठेवली. पाणी गेलं भळाभळा. बेडकुली पडली फरशीवर, पच्च. बिचारी घाबरून गेली.

मामानं सायकलला मोटर आणि बॅटरी बसवली. ऊन तापलं. बेडकुली निघाली. टुणुक टुणुक.

"मामा मामा, घमेलं दे ना. माझी पाठ सुकत चालली."

मामा म्हणाला, "कसं देऊ गं? वर सायकल आहे. ती हलली की देतो."

टुणुक टुणुक.

"सायकल सायकल, हल ना. मामा घमेलं देईना, माझी पाठ सुकत चालली."

सायकल म्हणाली, "माझं वय झालं गं बाई. मोटर फिरली तर हलेन."

टुणुक टुणुक.

"मोटर मोटर, फिर ना. सायकल हलेना, मामा घमेलं देईना, माझी पाठ सुकत चालली."

मोटर म्हणाली, "बॅटरीनं वीज दिली तर फिरेन."

टुणुक टुणुक.

"बॅटरी बॅटरी, वीज दे ना. मोटर फिरेना, सायकल हलेना, मामा घमेलं देईना, माझी पाठ सुकत चालली."

बॅटरी म्हणाली, "वायर उघडी आहे. तिला काळी चिकटपट्टी लावली तर देईन."

पण चिकटपट्टी होती कुठे? बनीच्या हातात. बनीनं पट्टीचं गोल रीळ बांगडी म्हणून घातलं होतं.

टुणुक... टुणुक... बेडकुली अगदी दमली.

"बनी बनी, पट्टी दे ना. बॅटरी वीज देईना, मोटर फिरेना, सायकल हलेना, मामा घमेलं देईना, माझी पाठ सुकत चालली."

बनी म्हणाली, "नाही देणार. माझा हात रिकामा दिसेल."

बेडकुली टुणुक करून बनीच्या मनगटावर जाऊन बसली. बनी खुदकन हसली.

"ही बांगडी छान आहे," ती म्हणाली. "मामा, ही घे तुझी पट्टी."

मग काय!

मामानं पट्टी लावली, चर्र चर्र. बॅटरीनं वीज दिली, टिक. मोटर फिरली, घुर्र घुर्र. सायकल हलली आणि घमेल्यावरून खाली उतरली, धप्प. मामानं घमेलं सुलटं केलं, त्यात गार गार पाणी ओतलं. बेडकुली आत, डुबुक!

"चुकलं गं माझं," मामा म्हणाला.

बनी मामाच्या मागे बसली. सायकल चढावर निघाली, घुर्र घुर्र.

दुसऱ्या दिवशी दुसरी मोडकी सायकल आली. मामानं आधी घमेल्यात डोकावून पाहिलं. बेडकुली झोपली होती. मामा हळूच मागे गेला आणि सायकलखाली ठेवायला दोन विटा घेऊन आला.