कोतवालाने न पाहिलेला काठ

या गोष्टीला पुष्कळ, अगदी पुष्कळ वर्षं झाली. मुलांनो, तुम्ही ऐका, आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच ऐका.

एक रान होतं. रानाच्या मधोमध एक तळं होतं, आणि उन्हाळ्यात सगळ्या रानाची तहान तेवढ्या एका तळ्यावर भागायची. तळ्यापासून थोड्या अंतरावर मोहाचं झाड होतं. त्यावर कोतवाल राहायचा. कोतवाल म्हणजे तो काळा कुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा पक्षी. कुणाचाही आवाज तो हुबेहूब काढायचा, म्हणून रानाच्या बातम्या सांगायचं काम त्याच्याकडे होतं. दिवस मावळताना जनावरं मोहाखाली जमत. कशावरून वाद असला की कोतवाल आधी एकाचं म्हणणं त्याच्या आवाजात सांगे, मग दुसऱ्याचं दुसऱ्याच्या आवाजात. दोघांना वेळ अगदी सारखा. ते ऐकून म्हातारा गवा निर्णय देई, कारण रानाचा कारभार त्याच्याकडे होता.

कोतवालाचा एक नेम होता. वाद ज्या जागेचा, त्या जागेवर तो पाऊल ठेवत नसे. "गेलो की कुणाचा तरी पाहुणा झालो," तो म्हणे, "आणि पाहुणा झालो की मिंधा झालो." रानाला हे फार आवडायचं. असा निःपक्षपाती पक्षी दुसऱ्या कुठल्या रानात नाही, असं सगळे एकमेकांना सांगायचे.

याच रानात एक भेकरी होती. भेकर म्हणजे लहानखुरं हरीणच, पण त्याचा आवाज नाजूक नसतो. ते कुत्र्यासारखं भुंकतं. हिला त्या साली पाडस उशिरा झालं होतं. पाडसाचे पाय अजून लटपटत होते आणि त्याचं सगळं आईच्या दुधावर चाललं होतं. आईला पाणी तर पाडसाला दूध, इतका साधा हिशेब होता तिचा.

थंडी सरत आली तेव्हा पाणी प्यायला गेलेल्या भेकरीनं पाहिलं, रानडुकरांचा म्होरक्या आपल्या कळपासह तळ्याचा उताराकडचा काठ उकरतोय. खालच्या सखल जागेत त्यांना लोळायला चिखल हवा होता. काठाला फट पडली होती आणि पाणी झुळूझुळू खाली चाललं होतं.

"अहो, काय करताय हे?" ती ओरडली. "उन्हाळ्यात सगळ्यांनी काय प्यायचं?"

"उन्हानं तळं दरवर्षी आटतं, बाई," म्होरक्या मानसुद्धा वर न करता म्हणाला. "आम्ही जमीन भुसभुशीत करतोय. आभार माना."

भेकरी तडक मोहाखाली गेली आणि तिनं कोतवालाला सगळं सांगितलं.

संध्याकाळी कोतवालानं शेपटी सावरली. आधी त्यानं म्होरक्याचा आवाज काढला. भारदस्त, संथ, प्रत्येक शब्दाला वजन. "तळं उन्हानं आटतं. ही सृष्टीची रीत आहे." जनावरं गंभीरपणे ऐकत राहिली. मग त्यानं भेकरीचा आवाज काढला. "भॉक! काठ फोडला! भॉक! पाणी चाललं! भॉक!" माकडं पोट धरधरून हसली. एक तर हसता हसता फांदीवरून खाली पडलं.

"अरे, मी काय म्हणाले ते सांग!" भेकरी खालून ओरडली. "कशी म्हणाले ते कशाला सांगतोस?"

"मी तुझा एक शब्द बदललेला नाही," कोतवाल शांतपणे म्हणाला.

आणि ते खरं होतं, हेच तर संतापाचं कारण! एक शब्द न बदलता त्यानं तिचं हसं केलं होतं, आणि एक शब्द न बदलता त्या लबाड डुकराला ऋषी करून टाकलं होतं. वेळ मात्र दोघांना सारखा.

म्हाताऱ्या गव्यानं मान हलवली. "दोघंही आपापल्या परीनं बोलतात. नक्की काहीच कळत नाही. तूर्त आहे तसं चालू द्या."

आहे तसं चालू द्या म्हणजे काय? म्हणजे काठ उकरणं चालू द्या! पण हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

भेकरी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं सशाला काठावर नेलं. सशानं ओली माती पाहिली, फट पाहिली, आणि तो घाबरून म्हणाला, "खरंच गं! पाणी तर वाहून चाललंय." संध्याकाळी कोतवालानं सशाचं म्हणणं सांगितलं. तोवर म्होरक्यानं साळिंदराला गाठलं होतं. उकरून काढलेले गोड कंद त्याच्यापुढे टाकले होते. साळिंदर म्हणालं, "आम्हाला कुठे फटबिट दिसली नाही." कोतवालानं तेही सांगितलं. सशाला जेवढा वेळ, तेवढाच साळिंदराला.

"पुन्हा बरोबरी," गवा म्हणाला. "बघू पुढे."

मग भेकरीनं नीलगाईला नेलं, तर म्होरक्यानं तरसाला आणलं. तिनं मोराला नेलं, तर त्यानं कोल्ह्याला आणलं. पाहून आलेले आणि कंद खाऊन आलेले, मोहाखाली सगळे एका मापानं मोजले जात होते.

शेवटी एका दुपारी भेकरी झाडाच्या बुंध्याशी येऊन उभी राहिली. तळं निम्म्यावर आलं होतं. पाडस तिच्या पायांत घुटमळत होतं.

"खाली ये," ती म्हणाली. "काठ हाकेच्या अंतरावर आहे. चल माझ्याबरोबर, आणि तुझ्या डोळ्यांनी बघ."

"मी आलो तर लोक म्हणतील, कोतवाल भेकरीच्या बाजूचा झाला."

"माझ्याबरोबर नको येऊस. एकटा जा. डुकरांबरोबर जा हवं तर! पण जा आणि बघ."

"बघणं माझं काम नाही, ताई. मी फक्त सांगतो."

"मग देवानं तुला पंख दिलेत ते काय वारा घालायला?" भेकरीचा आवाज फाटला. "न बघता काय सांगतोस रे मेल्या? तुझ्या बरोबरीनं माझ्या लेकराचं तोंड ओलं होणार आहे का?"

"बघ, तू किती चिडतेस," कोतवाल म्हणाला. "म्होरक्या कधी चिडत नाही."

तो कशाला चिडेल? त्याचं काय जात होतं?

चैत्र अर्धा सरला आणि तळ्याचा तळ दिसला. चिखलाला भेगा पडल्या. खाली सखल जागेत मात्र डुकरं गळ्यापर्यंत राडीत लोळत होती. आता फट दाखवायला कुणाला नेण्याची गरज नव्हती. रानातली जनावरं डोंगरापलीकडच्या नदीकडे निघाली. वाट लांबची होती आणि ऊन आग ओकत होतं.

भेकरीचं दूध आटलं होतं. पाडसानं चार पावलं टाकली आणि बसलं. तिनं त्याला ढोसलं, चाटलं, पुन्हा उभं केलं. ते पुन्हा बसलं. तिसऱ्या प्रहरी कोरड्या तळ्याच्या काठावर त्याचा जीव गेला.

मोहाखाली ऐकायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून वाद सुरू झाल्यापासून कोतवाल पहिल्यांदाच तळ्यापाशी उतरला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "तुझं म्हणणं सांग. मी नदीवर जाऊन जसंच्या तसं सांगेन. मग म्होरक्याकडेही जावं लागेल. त्याचंही काही म्हणणं असेल."

भेकरी भुंकली नाही. ती पाडसापासून बाजूला सरकली, कोतवालाला ते दिसावं म्हणून.

"हे मेलंय," ती म्हणाली. "याच्यावर त्याचं काय म्हणणं आहे, ते विचारून ये जा."

कोतवालानं पाडसाकडे पाहिलं. मग काठाच्या फटीकडे पाहिलं. फट इतकी रुंद होती की तिच्यातून गवा आरपार गेला असता.

कोतवाल नदीवर गेला. जनावरं पाण्यात तोंड घालून पीत होती. तो एका फांदीवर बसला आणि त्यानं सवयीनं सुरुवात केली. "एकीचं म्हणणं असं की..."

म्हाताऱ्या गव्यानं ओलं तोंड वर केलं. "म्हणणी पुष्कळ ऐकली. त्या ऐकण्यात माझाही दोष आहे. तू काय पाहिलंस, ते सांग."

कोतवालानं चोच उघडली. म्होरक्याचा आवाज निघाला. त्यानं चोच मिटून पुन्हा उघडली, तर भेकरीचं भुंकणं निघालं. मी पाहिलं, एवढे दोन शब्द बोलायला त्याच्याजवळ स्वतःचा आवाजच नव्हता. आता माकडंसुद्धा हसली नाहीत. जनावरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि ती पाणी पिऊ लागली. त्यानंतर त्याच्या झाडाखाली कधी कुणी जमलं नाही.

वैशाखात राड सुकली तेव्हा डुकरंही नदीवर आली आणि आल्या आल्या काठ उकरू लागली. या वेळी गव्यानं कुणाला काही विचारलं नाही. तो स्वतः काठावर गेला, त्यानं पाहिलं आणि शिंगं खाली घालून त्यांना हुसकून लावलं. भेकरी लांब उभी राहून ते बघत होती. कळप पळाला तशी ती एकदाच भुंकली, आणि त्या भुंकण्यावर कुणीही हसलं नाही.

बोध: जाऊन पाहता येत असताना न पाहता जो खऱ्याला आणि खोट्याला सारखाच वेळ देतो, तो मधोमध बसलेला नसतो, तो खोट्याच्या बाजूला बसलेला असतो.