मापातली अंगणवाडी

भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात. एका गावातला भोळा मात्र शिकून आर्किटेक्ट झाला होता. नाव दिगंबर. शहरातून निघताना सरांनी त्याला बजावलं, "गावात गावासारखं बांध. तिथं मिळेल तेच वापर." दिगंबरने ते वहीत लिहून घेतलं.

गावाला हवा होता एसटीचा थांबा, एक तालीम आणि अंगणवाडी. अंगणवाडीच्या शेवंताबाई अकरा वर्षं लिंबाखाली पोरं घेऊन बसत होत्या. खिचडीत निंबोळ्या पडायच्या. पोरं तोंडं वाकडी करायची. "बाबा, आमचं तेवढं नीट कर," एवढंच त्या म्हणाल्या.

आधी थांबा. गावात दगड कुठे मिळतो? ओढ्यावर. तोही चांगला घासून गुळगुळीत झालेला. दिगंबरने धुण्याचे सगळे दगड उचलून थांब्याला लावले. सकाळी बायका धुण्याच्या बादल्या घेऊन थेट थांब्यावर आल्या.

"आरं मुडद्या, कशालाबी हात लावायच्या आधी बायांना इचारायचं!"

"चुकलं. आता विचारतो." वहीत लिहिलं.

मग तालीम. दिगंबर घरोघर फिरून बायांना काय काय हवं ते विचारून आला. पहिल्या दिवशी पैलवान लंगोट कसून आत शिरले, तर आखाड्याच्या मधोमध जातं, कोपऱ्यात चूल आणि भिंतभर भांड्यांची फळी.

वस्ताद खवळले. "शहाण्या, हितं कुस्ती कोण खेळणार? बाया? जो वापरणार, त्याचं माप घ्यायचं!"

"चुकलं. आता माप घेतो." तेही लिहिलं.

अंगणवाडीच्या वेळी दिगंबर टेप घेऊनच आला. बावीस पोरांची उंची घेतली, रुंदी घेतली. शेवंताबाईंना वाटलं, पोरांना कपडे शिवतोय. बिचाऱ्या खूश झाल्या.

उद्घाटनाला सगळा गाव जमला. दार साडेतीन फूट उंच आणि एका पोरापुरतं रुंद. पोरं फितीखालून सुर्रकन आत गेली. शेवंताबाई खिचडीचं पातेलं घेऊन बाहेरच उभ्या. त्यांना रडूच फुटलं.

"थांबा, मी बघतो," सरपंच म्हणाले. भारदस्त माणूस. फीत कापून रांगत आत शिरले आणि कमरेपाशी अडकले. अर्धे सरपंच आत, अर्धे बाहेर.

"दार फोड!" आतून आवाज आला.

दिगंबरने वही उघडली. "फोडतो. पण आधी बायांना विचारायला पाहिजे."

गर्दीतच सरपंचांची बायको उभी होती. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "फोडू नगंस. घरात घटकाभर टिकत न्हाईत, तिथं तरी टिकतील. चांगलं घट्ट बसव."

बायका खदाखदा हसल्या. दिगंबर हसला नाही. त्याने हेही लिहिलं. दार वापरत होते सरपंच, म्हणून त्यांचं माप घेतलं. मग घमेलं आणलं आणि चहूबाजूंनी सिमेंट भरलं.

पोरं खिडक्यांतून बाहेर आली. खिडक्याही त्यांच्याच मापाच्या होत्या. शेवंताबाईंनी डोळे पुसले, पातेलं उचललं आणि पोरांना घेऊन पुन्हा लिंबाखाली बसल्या.

"आरं, काढ की मला!" सरपंच ओरडले.

दिगंबरने त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं.

"हलू नका, सरपंच. सिमेंटला सात दिवस पाणी मारावं लागतं."