चंद्रीच्या पाठीवरचा चार्जर

मोबाइल नुकतेच माळरानात हिंडायला लागले होते, त्या काळची गोष्ट. हौसाबाई धनगरीण घोडीवर बिऱ्हाड लादून पुढे चालायची आणि मेंढ्यांमागून येणाऱ्या नवऱ्याला मुक्काम कुठं ते फोनवर कळवायची. घोडीचं नाव चंद्री. तिच्या पाठीवर, बिऱ्हाडाच्याही वर, सौर चार्जर बांधलेला असायचा. मोबाइलची बॅटरी म्हातारी. चार्जरची वायर असेल तोवरच त्याच्यात जीव.

एका दुपारी मोबाइल जोरात गाणी म्हणत होता, त्याची टॉर्च भर उन्हात डोळे मिचकावत नाचत होती. चार्जरला चेव आला. "हा सगळा माझा उजेड. सूर्यबिर्य काही नाही. आणि चंद्रे, तू तर नुसती हमाल."

चंद्री चार पावलं चालली आणि लिंबाच्या गार सावलीत उभी राहिली. गाणं कडव्यातच बंद पडलं.

"अगं बाई, आता मालकांना मुक्काम कसा सांगू?" हौसाबाई म्हणाली.

चार्जर घाबरला. "चंद्रे, जरा उन्हात चल ना गं."

शेपटीनं माशा हाकत चंद्री म्हणाली, "मी हमाल बाई. उजेड तुझा आहे ना, मग पाड की ऊन इथंच."

चार्जरनं माफी मागितली तेव्हाच ती हलली.

तेव्हापासून चार्जर रोज सकाळी सूर्याला एकदा आणि चंद्रीला दोनदा राम राम घालतो.