आचाऱ्याची सुट्टी

एकदा एका वृद्ध पाळकाने, ज्या दिवशी शंभर माणसांचे जेवण रांधायचे होते नेमक्या त्याच दिवशी सकाळी, आपल्या चर्चच्या आचाऱ्याला सुट्टी देऊन गावी पाठवून दिले. पाहणाऱ्यांना वाटले, म्हातारपणी यांची बुद्धी चळली. त्यांच्या शिष्येलाही तसेच वाटले. पण ही गोष्ट मुळापासून सांगितली पाहिजे.

गोदावरीच्या काठी एक तालुक्याचे गाव होते. तेथे दगडी बांधणीचे एक जुने चर्च, आणि चर्चच्या कुंपणाला लागूनच सूतगिरणीच्या कामगारांची चाळ. पाळक सत्तरी ओलांडलेले. ख्रिस्ती असो वा नसो, सारे गाव त्यांना ‘पाळकबाबा’ म्हणे. त्यांच्या हाताखाली सेवाकार्य शिकण्यासाठी अलीशिबा नावाची तरुणी त्या वर्षी आली होती. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिली आलेली, कामाचा उरक दांडगा, आणि मन इतके हळवे की दुसऱ्याचे दुःख पाहिले की हिला घास उतरत नसे.

ती आली तेव्हा गिरणी बंद पडून तीन महिने झाले होते. चाळीतली माणसे कोणाजवळ काही बोलत नव्हती. पण चाळीतल्या बायका किराणा दुकानात गोडेतेलाची लहानात लहान पुडी मागत, आणि तीही मागताना आजूबाजूला पाहून घेत, हे अलीशिबाच्या नजरेतून सुटले नाही. तिने मंडळीपुढे योजना मांडली. दर शनिवारी दुपारी चर्चच्या अंगणात चाळीतल्या शेजाऱ्यांना जेवण द्यायचे. मंडळीने एकमुखाने होकार दिला. गावातल्या एका शेटजींनी डाळ-तांदूळ पाठवण्याचे कबूल केले. स्वयंपाकाला दानिएलमामा होतेच. चर्चमधल्या प्रत्येक लग्नाचा भात त्यांच्याच हातचा असे. पाळकबाबांनी एकच अट घातली : “पंगतीत उपदेश नको. जेवताना माणसाला जेवू द्यावे.”

पहिल्या शनिवारी सत्तर माणसे आली. अलीशिबा आनंदाने इकडून तिकडे धावत होती. दुसऱ्या शनिवारी चाळीस आली. तिसऱ्या शनिवारी वीस. चौथ्या शनिवारी अकरा माणसे पंगतीला बसली, आणि त्यांतली आठ बसथांब्यावरची वाटसरू होती. भाताचे अर्धे पातेले तसेच राहिले.

अलीशिबा चाळीत घरोघर फिरली. सगळीकडे दार अर्धेच उघडे आणि उत्तर एकच : “आमचं जेवण झालंय, ताई.” कोपऱ्यातल्या खोलीत द्वारकाबाई नावाच्या एक बाई राहत होत्या. त्यांचे यजमान रंगनाथराव गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाल्यापासून ते खोलीबाहेर पडले नव्हते. द्वारकाबाईंनी तर हसून सांगितले, “आम्हाला आज पाहुण्यांकडं आवतण आहे.”

त्याच संध्याकाळी नळावर पाणी भरताना द्वारकाबाई चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी तपासले आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, “आजार काही नाही. दोन दिवस पोटात अन्न नाही.”

अलीशिबा तडक पाळकबाबांकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि आवाजात राग.

“बाबा, भिंतीअलीकडे भात उरतो आणि भिंतीपलीकडे बाई उपाशी पडते! बोलावलं तरी येत नाहीत. हा कसला ताठा?”

“ताठा म्हणू नकोस,” पाळकबाबा म्हणाले. “आधी त्यांच्या खोलीत दूध आणि पेज पोहोचव. डॉक्टरांचं नाव सांग, म्हणजे घेतील. बाकीचं मग बोलू.”

तिने तसे केले. डॉक्टरांच्या नावावर द्वारकाबाईंनी पेज घेतली. पण बुधवारी शेटजी स्वतः चर्चमध्ये आले. माणूस वाईट नव्हता, व्यवहारी होता. ते म्हणाले, “पाळकबाबा, अन्न टाकून देणं माझ्याच्यानं पाहवत नाही. येत्या शनिवारी मी स्वतः येऊन पाहीन. उरलं, तर हा शिधा मी दुसरीकडे पाठवीन. राग मानू नका.”

“राग कसला? अवश्य या,” पाळकबाबा म्हणाले. “भूक ठेवून या.”

शनिवार उजाडला. शिधा येऊन पडला. दानिएलमामा बाह्या सावरून भट्टी पेटवायला निघाले, तोच पाळकबाबांनी त्यांना हाक मारली.

“दानिएल, तुझ्या लेकीला मुलगा होऊन किती दिवस झाले?”

“सव्वा महिना झाला, बाबा.”

“आणि तू अजून नातवाचं तोंड पाहिलं नाहीस? नऊची गाडी आहे. नीघ.”

दानिएलमामांनी भट्टीकडे पाहिले, डाळीच्या पोत्याकडे पाहिले, पाळकबाबांकडे पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरले आणि ते चपला घालून चालते झाले.

अलीशिबा धावत पुढे आली. “बाबा, आता स्वयंपाक कोण करणार?”

“मला येत नाही. तुला येतो?”

“चार माणसांचा येतो. शंभरांचा कसा येईल?”

“छान,” असे म्हणून त्यांनी काठी घेतली आणि फाटकाबाहेर पडले. “चल माझ्याबरोबर. आणि काही बोलू नकोस.”

ते थेट द्वारकाबाईंच्या दारात उभे राहिले. दार अर्धे उघडले. द्वारकाबाईंचा चेहरा अजून ओढलेला होता. जेवायचे आमंत्रण येणार असे समजून त्यांनी नेहमीचे उत्तर तयारच ठेवले असावे. पण पाळकबाबा म्हणाले,

“द्वारकाबाई, अडलंय माझं. आचारी गावाला गेला. शंभर माणसांचा शिधा पडून आहे, दुपारी शेटजी यायचेत, आणि मला साधं आधण ठेवता येत नाही. गिरणीच्या गणपतीत दोनशे पानांचा स्वयंपाक तुम्ही उभा करत होता, असं ऐकलंय. आज माझी अब्रू राखा.”

आतून रंगनाथरावांचा खोकला ऐकू आला. मग द्वारकाबाईंनी सावधपणे विचारले, “बाबा, आम्ही माळकरी माणसं. तिथं आमच्याकडून काही वदवून घ्यायचं नाही ना?”

“घ्यायचं आहे,” पाळकबाबा गंभीरपणे म्हणाले. “मीठ किती टाकायचं, ते.”

द्वारकाबाईंच्या ओठांचे कोपरे हलले. “डाळ कोणती आणलीय?”

“तूर असावी.”

“असावी म्हणजे?”

“पिवळी आहे.”

“चण्याचीबी पिवळी असते, बाबा! भिजत तरी घातलीय का?”

“घालायची असते का?”

“अरे देवा,” द्वारकाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, दार पूर्ण उघडले आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली, “ए हसीना, खलबत्ता घे! ए मंदे, विळी आण! बाबांनी नुसता घोटाळा करून ठेवलाय तिकडं!”

जी दारे महिनाभर अर्धीच उघडत होती, ती एकामागून एक सताड उघडली. कोणी विळी घेऊन आली, कोणी पाटा-वरवंटा. हसीनाखालांनी घरातली उरलीसुरली कोथिंबीरही आणली. अर्ध्या तासात चर्चच्या अंगणात बोलण्याचा आणि भांड्यांचा असा काही आवाज उठला की रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाहू लागली.

पाळकबाबांना कांदे चिरायला बसवण्यात आले. द्वारकाबाईंनी त्यांचे काप उचलून पाहिले आणि म्हणाल्या, “बाबा, हा कांदा चिरलाय का त्याचा सूड घेतलाय? उठा, लसूण सोला.” पाळकबाबा मुकाट्याने लसूण सोलायला बसले. अलीशिबा पाणी वाहत होती. ‘मी सांगते तसे करा’ असे म्हणायला तेथे तिला जागाच उरली नव्हती.

एवढ्यात गॅसची भट्टी फुरफुरली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. द्वारकाबाईंनी क्षणभर विचार केला आणि एका पोराकरवी खोलीवर निरोप धाडला. बऱ्याच वेळाने रंगनाथराव फाटकात दिसले. दाढी वाढलेली, मान खाली. पण हातात पाना होता. कोणाकडे न बघता ते भट्टीजवळ वाकले, नळी काढली, फुंकून पाहिली आणि पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले, “हे कुणी बसवलं? गिरणीत असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं.” दहा मिनिटांत निळी ज्योत सरसरत वर आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रंगनाथराव लाजले, आणि घरी जाण्याऐवजी अंगणातला गळका नळ पाहायला निघाले.

दुपारी शेटजी आले तेव्हा अंगणात दोन पंगती बसल्या होत्या. ते कौतुकाने पाहत उभे राहिले. द्वारकाबाई त्यांना ओळखत नव्हत्या. “अहो, खांबासारखे उभे काय? धरा!” म्हणून त्यांनी शेटजींच्या हातात आमटीची बादली दिली. शेटजींनी आयुष्यात कधी वाढले नव्हते. पहिल्या चार पानांत आमटी भातावर कमी आणि जमिनीवर जास्त पडली. पाचव्या पानापासून हात बसला. मग तेच आग्रह करू लागले, “घ्या हो, अजून घ्या, माझ्याच दुकानची डाळ आहे!”

त्या दिवशी एकशे बारा माणसे जेवली. वाढणारे शेवटी बसले, आणि द्वारकाबाई सर्वांत शेवटी. अलीशिबाने त्यांना वाढले. त्या पोटभर जेवल्या. पातेल्याच्या तळाशी फक्त खरवड राहिली होती. तीही हसीनाखालांनी वाटून टाकली.

मंडळी पांगल्यावर पाळकबाबा पायरीवर बसले होते. अलीशिबा जवळ येऊन बसली.

“बाबा, तुम्ही आचाऱ्याला मुद्दाम पाठवलंत. मग ‘अडलंय’ म्हणालात, ते खोटं नव्हतं का?”

“अडलं नव्हतं का?” पाळकबाबा हसले. “मुद्दाम अडवलं, हे खरं, त्यांनी विचारलं तर तेही सांगेन. मी कांदा कसा चिरतो, ते तर तू पाहिलंसच.”

मग ते शांतपणे म्हणाले, “पोरी, तुझ्या योजनेत दया भरपूर होती. पण तिच्यात त्यांच्यासाठी एकच काम ठेवलेलं होतं, हात पसरण्याचं. ज्यांनी तीस-तीस वर्षं त्या हातांनी सूत काढलं, त्यांना तेवढंच एक काम येत नाही. भुकेनं चक्कर आली, तरी येत नाही. हात पसरायला सांगितलं की माणूस दार लावून घेतो. हात लावायला बोलावलं की धावत येतो. आपण व्यासपीठावरून ‘शेजारी’ हा शब्द फार वापरतो. पण मी या चाळीच्या भिंतीला लागून एकवीस वर्षं राहिलो, आणि आज सकाळपर्यंत तिथल्या कुणाच्या दारात जाऊन ‘माझं अडलंय’ असं म्हणालो नव्हतो. चूक तुझ्या एकटीची नाही. माझी जुनी आहे.”

अलीशिबा उठली आणि रिकामी पातेली घासायला बसली.

पुढे असे झाले की शनिवारचा स्वयंपाक द्वारकाबाईंच्याच हाती राहिला. दानिएलमामा नातवाला पाहून परतले तेव्हा त्यांना कळले की आपण आता दुसऱ्या क्रमांकाचे आचारी आहोत. ते आठवडाभर रुसले, आणि द्वारकाबाईंची आमटी खाल्ल्यावर रुसवा विसरले. गिरणी काही सुरू झाली नाही. पण द्वारकाबाई, हसीनाखाला आणि आणखी दोघी मिळून लग्नकार्याचे स्वयंपाक घेऊ लागल्या. चर्चची मोठी पातेली त्यांना केव्हाही मिळत. रंगनाथरावांनी शेटजींच्या गोदामाजवळ पंप आणि शेगड्या दुरुस्तीचे लहानसे दुकान थाटले आणि दाढीही करू लागले.

पावसाळ्याच्या अखेरीस अलीशिबाला तापाने गाठले. चर्चमागच्या खोलीत ती एकटी राहत होती. कोणाला सांगायचे नाही, दोन दिवसांत उठू, असे तिने ठरवले. पाळकबाबांनाही तिने ‘थोडी कणकण आहे’ एवढेच कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजले. द्वारकाबाई उभ्या होत्या. हातात झाकलेले पातेले, काखेत धुतलेली चादर.

अलीशिबा धडपडत उठली. खोलीत पसारा होता, केस विंचरलेले नव्हते, कालची भांडी तशीच पडली होती. कोणीतरी आपल्याला असे पाहते आहे, या विचाराने तिचा चेहरा तापापेक्षाही लाल झाला. ‘तुम्ही कशाला त्रास घेतलात, मला काही नको’ हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले, आणि तेथेच थबकले. घेणे किती कठीण असते, हे तिला कोणत्याही परीक्षेने विचारले नव्हते.

द्वारकाबाईंनी चादर बदलली, खिडकी उघडली आणि वाटीत तांदळाच्या कण्यांची गरम कण्हेरी ओतून तिच्या हातात दिली.

अलीशिबाने ती सावकाश संपवली. मग क्षणभर थांबून रिकामी वाटी पुढे केली आणि लहान मुलीसारखी म्हणाली, “अजून थोडी घाला ना.”